कैलासवासी लेफ्ट विंगर

ज्या माणसाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मी करत होते, तोच माणूस दुकानात शिरला आणि म्हणाला, "पासपोर्ट फोटो पायजेत. आठ."

मंगळवार होता, संध्याकाळचे सहा. सांगलीतलं आमचं दुकान म्हणजे फ्लेक्स, पत्रिका, झेरॉक्स आणि फोटो. मी तिथे डिझाइन करते. वाढदिवसवाल्याला गॉगल लावायचा, पोट आत घ्यायचं, मागे वाघ उभा करायचा. गेलेल्याला हार घालायचा. काम तसं सोपं आहे. फक्त वाघ आणि हार यांची अदलाबदल होऊ द्यायची नाही.

त्या वेळी माझ्या स्क्रीनवर वीरधवल होता. अकरा नंबरची जर्सी, भोवती झेंडूचा हार, दोन बाजूंना दोन समया. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'आमचा लाडका लेफ्ट विंगर कै. वीरधवल, कुंडल'. निधन : रविवार. शोकाकुल : एक प्रेक्षक.

तो मेला नव्हता. तो फक्त साताऱ्याच्या क्लबात चालला होता. पण आदल्या दिवसापासून मला त्यातला फरक कुणी समजावून सांगितला नव्हता.

आमचं कुंडल हे कुस्तीचं गाव. कुस्त्यांचं मैदान असलं की माणूस मावत नाही. फुटबॉलला चाळीस माणसं येतात, त्यातली दहा-बारा तिथे म्हशी चरतात म्हणून येतात. तरी आमचा संघ जिल्ह्याच्या लीगमध्ये अ गटात होता. रविवारी शेवटची मॅच आम्ही तीन-दोननं हरलो आणि ब गटात घसरलो. सोमवारी बातमी आली, वीरधवल चालला. साताऱ्याचा किल्लेदार क्लब. अ गट.

काही लोक अशा वेळी डायरी लिहितात. मला दहा बाय आठ फुटांच्या खाली व्यक्त होता येत नाही. लावायचा नव्हताच तो फ्लेक्स. करायचा, बघायचा, पुसायचा, घरी जाऊन जेवायचं. एवढाच बेत.

आणि तो दारात. चार वर्षं मी त्याला मैदानाच्या कडेच्या पाण्याच्या टाकीखालून बघत आले होते, चाळीस-पन्नास मीटरवरून. जवळून त्याला पापण्या होत्या. हे मला माहीत नव्हतं.

मी बोटाखाली येतील ती बटणं दाबली. फ्लेक्स नाहीसा झाला. तो गेला कुठे, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

"बसा स्टुलावर," मी म्हणाले. "मान सरळ. थोडी डावीकडं."

त्यानं वळवली.

"अजून डावीकडं."

तो दचकला. कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागला.

"काय झालं?"

"काय न्हाई... तुमी कुंडलच्या का?"

"का?"

"आवाज वळकीचा वाटला."

"आवाजाला गाव असतं?"

"असतं की." तो हसला, आणि मी नेमकं तेव्हा बटण दाबलं.

"हसू नका. फॉर्मला हसलेला फोटो चालत नाही."

"मग हसवू नका."

"मी काही बोललेसुद्धा नाही."

"तेच की."

दुसरा फोटो गंभीर आला. म्हणजे ओठ गंभीर. डोळ्यांचं काय करायचं ते फॉर्मवाले बघतील.

"कसला फॉर्म आहे?" माहीत असून मी विचारलं.

"साताऱ्याचा. उद्या पाचच्या आत सही न्हाई झाली तर... मग न्हाईच."

"छान," मी म्हणाले. पाय मोडलेल्या माणसाला 'पाय होता मात्र छान' म्हणावं तसं.

एका कागदावर नऊ फोटो बसतात. मी आठ कापून दिले. नववा वाया जायला नको म्हणून मोबाइलच्या कव्हरमागे ठेवला. काटकसर.

---

दुकानाच्या संगणकावर 'आजचे' नावाचं फोल्डर आहे. त्यात जे पडेल ते मुकुलदादा रात्री छापतो. मुकुलदादा छापताना वाचत नाही. वाचलं की मन गुंततं, असं त्याचं मत आहे. लावणारी पोरंही वाचत नाहीत, गावाचं नाव बघतात आणि त्या गावात लावून येतात. आमच्या धंद्यात पहिल्यांदा वाचतो तो गिऱ्हाईक. इथे गिऱ्हाईकच नव्हतं.

बुधवारी दुकान बंद. मी घरी मेथी निवडत होते. बाराच्या सुमाराला आई बाजारातून आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "क्रांते, तुझा तो पळणारा गेला गं."

"माहितेय. साताऱ्याला."

"न्हाई गं बाई. वर."

मी हातातल्या जुडीकडे बघितलं. "कोण म्हणतं?"

"म्हणायचं कशाला? स्टँडवर फ्लेक्स लागलाय."

आमच्याकडे डॉक्टर चुकू शकतो. फ्लेक्स चुकत नाही.

आता हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. एक क्षण मीसुद्धा विश्वास ठेवला. मी. जिनं तो हार स्वतःच्या हातानं, पाकळी पाकळी सारखी करून बसवला होता. त्या एका क्षणात घर एकदम लांब गेलं, आईचा आवाज लांब गेला, आणि मला वाटलं... आता त्या टाकीखाली उभं राहून मी कुणाला ओरडू?

मग 'शोकाकुल : एक प्रेक्षक' आठवलं. मग 'आजचे' आठवलं. मग मी स्कूटीला लाथ मारली. ती बटण-स्टार्ट आहे, तरी मारली.

स्टँडवर फ्लेक्स दिमाखात होता. खाली कुणीतरी अगरबत्ती लावली होती, झेंडूची चार फुलं, एक नारळ. इंद्रजितकाका टपरीवरून बघत होते. मी स्टुलावर चढून दोऱ्या कापायला लागले, तसे ते उठून आले.

"ए पोरी. दहाव्यापतूर काढत नसत्यात."

"काका, तो जिवंत आहे."

"आमच्या मनात हायच की," काका म्हणाले आणि डोळे पुसले.

मी फ्लेक्स गुंडाळला. आठ फुटांची वळकटी. ती तिथे ठेवली असती तर कुणीतरी परत लावली असती, म्हणून स्कूटीला आडवी टाकून सरळ त्याच्या घरी गेले.

घरापुढे फलटणची जीप उभी होती आणि ओसरीवर त्याची मावशी मोठ्यानं रडत होती. वीरधवल तिच्या शेजारी टॉवेल लावून उभा होता, डोक्याला अर्धा साबण.

"मावशे, मी हितं हाय."

"गप बस रं," मावशी म्हणाली. "अकरा माणसं घिऊन आलीया मी फलटणास्नं. जरा रडू दे."

त्याची आई, शालूबाई, शांतपणे चुलीवर मोठं पातेलं चढवत होती. "आलायसा तर जेवूनच जावा," ती पाहुण्यांना म्हणाली. "मातीला आलासा काय नि जेवायला आलासा काय, भात तेवढाच लागतोय."

सकाळपासून तो गाढ झोपला होता आणि त्याचा फोन एकदाही वाजला नव्हता. गेलेल्या माणसाला कोण फोन करणार? सगळीकडे फ्लेक्सचा फोटो फिरत होता. साताऱ्याच्या क्लबच्या ग्रुपवर एकशे बेचाळीस जणांनी हात जोडले होते. त्याखाली सेक्रेटरींचा मेसेज होता : 'ईश्वरेच्छा. रिकाम्या जागी कोयनानगरचा खेळाडू घेत आहोत. सही आज पाचला.'

वीरधवलनं सेक्रेटरींना फोन लावला. मी कुंपणाशी उभी राहून ऐकत होते.

"सर, मी वीरधवल बोलतोय... न्हाई, खरंच मी... सर, ऐका तरी..."

त्यानं फोन कानापासून काढला. "म्हणाले, गरिबाच्या मरणाची थट्टा करू नका. ब्लॉक केलं."

एकची एस.टी. मावशीच्या रडण्यात निघून गेली होती. पुढची पोचणार साडेपाचला. जीपच्या ड्रायव्हरला भाताचा वास लागला होता, तो आता उठणार नव्हता.

तो पायरीवर बसला. साबण सुकून केस उभे राहिले होते. "तेवीस वर्षांखालच्या राज्याच्या चाचणीला अ गटातलीच पोरं बोलावत्यात," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "पुढच्या वर्षी मी तेवीसचा."

मला हे माहीत होतं. सोमवारपासून माहीत होतं. पण माहीत असणं अ गटात खेळतं, पटणं ब गटात. त्यांची गाठ पडत नाही.

तो गेला नाही तर आमचाच राहणार होता. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं कुंपणाशी उभं राहायचं होतं. घड्याळ सगळं करणार होतं. अशी संधी चाहत्याला आयुष्यात एकदा मिळते.

"डोकं धुऊन ये," मी म्हणाले. "माझी स्कूटी आहे."

"सातारा? ह्याच्यावर? तुला कशाला तरास?"

"मीच मारलंय तुला."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग वळकटीकडे, मग परत माझ्याकडे. डोकं धुवायला गेला.

---

सव्वा वाजता निघालो. मी चालवत होते, तो मागे, आणि आमच्या दोघांच्या मध्ये आठ फुटांची वळकटी झेंड्यासारखी उभी. आपल्याकडे मुलामुलीनं एका गाडीवर बसायचं तर मध्ये काहीतरी असावं, असं घरचे म्हणतात. त्यांनी हे बघितलं असतं तर त्यांचं समाधान झालं असतं.

"फेकून देऊ का?" त्यानं विचारलं.

"कुणी उचलून परत लावला तर?"

"व्हय, ते बी हाय."

हंगाम सुरू होता. कारखान्याच्या फाट्यापर्यंत उसाचे ट्रॅक्टर, एकाला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना ऊस लोंबतोय आणि रस्त्यावर फक्त गाण्याला जागा शिल्लक. हवेत मळीचा गोड, आंबट वास. दोन वाजले तरी आम्ही कराड गाठलं नव्हतं. हॉर्न वाजवला, ओरडून बघितलं. ट्रॅक्टरवाल्यानं गाणं मोठं केलं.

"जमत न्हाई," तो मागून म्हणाला. फार हळू म्हणाला. मॅचच्या ऐंशीव्या मिनिटाला त्याचे खांदे असे खाली यायचे, ते मला न बघता दिसले.

"अकरा," मी म्हणाले. "डावीकडं."

मागे तो एकदम ताठ बसला.

मी डाव्या साइडपट्टीवर गाडी घातली. खडी उडाली, गाडी डगमगली, त्यानं एका हातानं माझा खांदा धरला. दुसऱ्या हातातल्या वळकटीची दोरी सुटली. वाऱ्यानं फ्लेक्स उलगडला आणि आमच्यामागे दहा फूट फडकायला लागला.

ट्रॅक्टरवाल्यानं आरशात बघितलं असावं. मागे श्रद्धांजली, समया, हार. त्यानं गाणं बंद केलं. मग ट्रॅक्टर कडेला घेतला आणि टोपी काढली.

पुढच्याचंही तेच. त्याच्या पुढच्याचंही. आमच्या भागात माणूस जिवंत असताना कुणी बाजू देत नाही. मेल्यावर सगळा रस्ता देतात. एका ट्रॉलीवरच्या बाईनं हात जोडले. वीरधवलनं सवयीनं परत जोडले. ती बाई किंचाळली, असं तो म्हणतो. मी पुढे बघत होते.

कराडच्या पुढे हायवेला लागल्यावर त्यानं फ्लेक्स पुन्हा गुंडाळला, अर्धाच. मालट्रक आडवा आला की उलगडायचा. ट्रक बाजूला. गुंडाळायचा.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार."

"शोकाकुल एकच का? बाकीच्यांना वाईट वाटलं न्हाई?"

गाडी थोडी हलली. "तू आत्ता वाचलंस?"

"काल. दुकानात. स्टुलासमोर आरसा हाय, केस विंचरायला. त्यात दारातनंच तुझी स्क्रीन दिसती."

पुढचे तीन किलोमीटर मी फक्त हॉर्न वाजवला. रस्ता रिकामा होता.

"मग बोलला का नाहीस?"

"तारीख बघितली. निधन रविवार." तो थांबला. "मला बरोबर वाटली."

उंब्रज गेलं. तीन वाजून दहा.

"शेवटच्या मिनिटाला तो बॉल बारला लागला," मी म्हणाले. "त्यात तुझी चूक नव्हती."

"चूक माझीच. मी मारताना टाकीकडं बघितलं."

"टाकीकडं कशाला?"

"आवाज आला न्हाई त्या दिवशी." वाऱ्यात त्याचे शब्द तुटत होते. "चार वर्षं... टाकीखालनं एक आवाज येतोय. 'अकरा, डावीकडं.' आता मी लेफ्ट विंगर. मी अजून डावीकडं गेलो तर म्हशीत जाणार. तरी जायचो. दरवेळी जायचो. रविवारी न्हाईच आला."

रविवारी माझा घसा बसला होता. शनिवारीच सरावाला ओरडून बसला होता. मी संपूर्ण मॅच हातानं खुणा करत होते. ही गोष्ट मी त्याला तेव्हा सांगितली नाही. आरशात फक्त माझे डोळे दिसत होते आणि ते मी पुढच्या टँकरवर ठेवले.

"मंजी," तो म्हणाला, "तू आमाला ब गटात घातलंस."

"जिवंत आहेस तोवर बोलून घे."

"बोलतोच हाय की."

पुढे वाटेत एकदा पेट्रोल, एकदा रस्तादुरुस्तीची रांग. तिथे फ्लेक्सचा उपयोग झाला नाही. रांगेत पुढे खरीच एक अंत्ययात्रा होती. आम्ही फ्लेक्स घट्ट गुंडाळला आणि मान खाली घालून तिच्या मागे पंचवीस मिनिटं चाललो.

---

साताऱ्यात किल्लेदार क्लबच्या गाळ्यात शिरलो तेव्हा चार वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. भिंतीवर फळा. फळ्यावर खडूनं : 'कै. वीरधवल यांस श्रद्धांजली. दोन मिनिटे मौन. स. ११.'

सेक्रेटरी चिंतामणराव टेबलामागे बसले होते. तीस वर्षं पेन्शन विभागात काढलेला माणूस. त्यांनी चष्म्यावरून वीरधवलकडे बघितलं, मग फळ्याकडे, आणि पुन्हा त्याच्याकडे.

"सर, मी वीरधवल."

"असं कुणीही म्हणेल."

"सर, मी समोर उभा आहे."

"समोर उभे असणं आणि हयात असणं," चिंतामणराव म्हणाले, "हे कागदावर दोन वेगळे मुद्दे आहेत. शिवाय आम्ही दोन मिनिटं मौन पाळलेलं आहे. ते आता परत कसं घ्यायचं?"

"फ्लेक्स चुकून छापला," मी म्हणाले. "मी छापला. म्हणजे मी केला, छापला मुकुलदादानं."

"त्यावर गावाचं नाव आहे, तारीख आहे. हा अधिकृत वाटतो." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "कोयनानगरचा खेळाडू उंब्रजच्या पुढे आला आहे. पाचला रजिस्टर बंद."

चार पंचेचाळीस.

"मग काय लागेल?" मी विचारलं.

चिंतामणरावांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. त्यांनी खालचा ड्रॉवर उघडला आणि एक पिवळट फॉर्म काढला. हयातीचा दाखला. निवृत्त झालेला माणूस घरी घड्याळ नेतो, शाल नेतो. यांनी फॉर्म आणले होते.

"साक्षीदारानं भरायचा. आणि अर्जदाराचा एक फोटो."

वीरधवलनं खिसा तपासला. आठ फोटो आठ ठिकाणी लावायचे होते, ते लावून झाले होते. "संपले, सर."

"मग अवघड आहे."

चार एकोणपन्नास. स्टेडियमजवळ फोटोचं दुकान होतं, पण त्याला वीस मिनिटं लागतात. हे मला माहीत आहे, मीच गिऱ्हाइकाला वीस मिनिटं सांगते.

मी मोबाइल काढला. कव्हर काढलं. नववा फोटो टेबलावर ठेवला.

वीरधवल त्या फोटोकडे बघत होता, मग कव्हरकडे, मग... मी डिंकाची बाटली शोधायला खाली वाकले. ती टेबलावरच होती. मी तरी खालीच शोधत राहिले.

"वर आहे," चिंतामणराव म्हणाले.

मी भरायला बसले. साक्षीदाराचे नाव : क्रांती. वय : बावीस. अर्जदारास समक्ष पाहिले काय : होय. अर्जदारास किती वर्षांपासून ओळखता :

मी लिहिलं, चार.

"आपण काल भेटलो," तो माझ्या खांद्यावरून म्हणाला.

"तू काल भेटलास."

मला त्याचा श्वास ऐकू येत होता, नव्वद किलोमीटर स्कूटीनं पळवल्यासारखा.

पुढचा रकाना. अर्जदाराशी नाते.

चार त्रेपन्न. पेन कागदावर टेकलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

"रिकामं ठेवलं तर?" मी विचारलं.

"रिकामं चालत नाही."

"प्रेक्षक लिहू?"

"प्रेक्षक हे नातं नाही. प्रेक्षक आम्हाला शंभर आहेत, एकानंही दाखला दिलेला नाही."

बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. चार छप्पन्न. खोटं लिहावं तर दाखला खोटा, आणि खरं लिहावं तर... खरं काय ते मला आज बारा वाजता मेथीपुढे कळलेलं. त्याला कुठलं माहीत असायला?

त्यानं माझ्या हातातून पेन काढून घेतलं. हळूच. कागद स्वतःकडे फिरवला, वाकून काहीतरी लिहिलं, हातानं झाकलं आणि थेट चिंतामणरावांपुढे सरकवला.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. फार वेळ. मग लाल पेन घेऊन त्याखाली काहीतरी शेरा मारला आणि शिक्का उमटवला.

"हयात," ते म्हणाले. "सही करा."

चार एकोणसाठ.

मोटरसायकलवरून आलेला माणूस चहावाला होता. कोयनानगरचा पोरगा पाच दहाला पोचला. त्याला राखीव म्हणून घेतला. चिंतामणरावांनी स्वतः उठून फळा पुसला, फक्त 'कै.' तेवढं पुसायचं राहिलं. मग तेही बोटानं पुसलं.

सराव उद्यापासून होता, म्हणून तो तिथेच थांबणार होता. गाळ्याच्या दारात आम्ही उभे होतो. फ्लेक्सची वळकटी माझ्या खांद्यावर.

"काय लिहिलंस?" मी विचारलं.

"कागद हाफिसात गेला आता."

"वीरधवल."

"सावकाश जा," तो म्हणाला. "ट्रॅक्टर असत्याल. लागलं तर मला उलगड."

मी एकटी परत आले. मध्ये वळकटी नव्हती, मागे कुणी नव्हतं, आणि गाडी नेहमीपेक्षा जड चालत होती. ज्या माणसानं जाऊ नये म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते, त्याला मीच पोचवून आले होते. वेळेत. फ्लेक्स बाबांनी कडब्याच्या गंजीवर टाकला, छापील बाजू आत. म्हणजे तो तिथे आहे, फक्त कडब्यालाच दिसतो.

---

आठ दिवस फोन आला नाही. मीही केला नाही. मी सात वाढदिवस आणि एक उद्घाटन केलं. एका नगरसेवकाच्या मागे वाघाऐवजी म्हैस लावली, मुकुलदादानं ती छापली, आणि नगरसेवकाला आवडली.

गुरुवारी साडेचारला दारात सावली पडली.

"झेरॉक्स पायजे," तो म्हणाला.

साताऱ्याची निळी जर्सी. मी ती बघितली आणि तोंड कडू झालं, आणि जर्सीच्या वरचं बघितलं आणि... असो. दोन्ही एकदम झालं.

"किती?"

"आधी बघ तरी."

त्यानं पिवळट फॉर्म पुढे केला. मी तो काचेवर पालथा ठेवायच्या आधी वाचला. आमच्या धंद्यात कुणी वाचत नाही, पण मी वाचला.

अर्जदाराशी नाते : शाईचा एक मोठा ठिपका. त्यापुढे वाकड्या अक्षरात — 'तिला विचारून कळवतो.'

त्याखाली लाल पेनानं : 'आठ दिवसांत कळविणे. अन्यथा दाखला रद्द समजण्यात येईल. – चिं.'

मशीनचा दिवा उगाच एकदा इकडून तिकडे गेला.

"आज आठवा दिवस," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. बाहेर थंडी होती. "हाफिस पाचला बंद हुतंय. फोटो काढून पाठवला तर चालंल म्हणाले."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर मी मेलो. कागदोपत्री."

मुकुलदादा मागे छपाईकडे तोंड करून उभा होता. मशीन बंद होतं. तरी तो तिकडेच बघत होता.

"मी कुंडलचीच राहणार," मी म्हणाले. "ब गटात तर ब गटात."

"रहा की."

"सातारा हरलं तर मी हसणार."

"हस."

"तुझ्या मॅचला मी टाळ्या वाजवणार नाही."

"बरं." तो थांबला. "आणि... ओरडणार?"

त्यानं हे असं विचारलं, की चार वर्षांत त्यानं एवढी एकच गोष्ट मागितली असावी. घड्याळात चार एक्कावन्न झाले होते. माझा घसा त्या दिवशी ठणठणीत होता.

"साताऱ्याच्या मैदानावर टाकी आहे?" मी विचारलं.

"न्हाई. पण एक कडुलिंब हाय. डावीकडं."

मी पेन घेतलं. 'तिला विचारून कळवतो' या ओळीवर नीट, सरळ रेघ मारली. शेजारी काय लिहायचं ते ठरवायला मला पाच मिनिटं लागली, कारण रकाना अर्ध्या इंचाचा होता आणि मला दहा बाय आठ फुटांची सवय आहे. शेवटी एकच शब्द लिहिला : 'अर्जदाराचीच.' त्यानं मान वाकडी करून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग तो त्या फोटोतल्यासारखा हसला, फॉर्मला न चालणारा.

चार अठ्ठावन्नला त्यानं फोटो साताऱ्याला पाठवला. पाचला उत्तर आलं : 'नोंद घेतली.'

"किती झेरॉक्स?" मी विचारलं.

"दोन. एक माझ्याकडं."

"आणि दुसरी?"

तो माझ्या मोबाइलचं कव्हर काढायला लागला. तिथली एक जागा त्या बुधवारपासून रिकामीच होती.